मधली फाइल आणि कुसुमआत्या

शनिवारी सकाळी पोह्यांची प्लेट हाती धरून प्रशिक बन्सोड याने आपल्या वडिलांना एक तांत्रिक गोष्ट समजावून सांगितली. तिच्यामुळे त्याच दिवशी आपलेच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडण्याच्या बेतास येईल, अशी पुसटशी शंकाही त्याच्या मनास शिवली नव्हती. उलट तो अत्यंत हर्षित होता आणि त्या हर्षाच्या भरात त्याने पोह्यांवर दोनदा लिंबू पिळले होते.

"बाबा, काल मी आफिसात असं काम केलं ना, तुमी ऐकाल तर उडून जाल!"

"परमोशन झालं?" हरिदासभाऊंनी विचारले.

"त्याच्याहून मोठं. साऱ्या अ‍ॅपचे रस्ते सीधे करून टाकले!"

हरिदासभाऊ हे रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जितके सांधे तितके बिघाड, हे तत्त्व त्यांनी उभी नोकरी उराशी बाळगले होते. 'रस्ते सीधे' हे शब्द कानी पडताच त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून ती मांडीखाली ठेवली आणि ते सरसावून बसले.

"समजा बाबा, मी माह्या खोलीत बसलो आणि मले साखर पाहिजे. तर आधी असं लिहा लागे, इथून वर जा, अजून वर जा, अजून वर जा, मग खाली सैपाकखोलीत उतर, मग फळीवरच्या डब्यात पाह्य. हरेक फाइलमध्ये असंच. आणि एखादी फाइल इकडची तिकडं सरकवली, की गेला पत्ता! साखर मागाले गेलं, तर न्हाणीघरात पोचलं!"

"मंग तू काय केलं?"

"नाव देऊन टाकलं. आता कुठूनही फक्त 'सैपाकखोली' लिहायचं. बस! सीधा तिथंच. ना वर जा, ना खाली जा."

"म्हणजे मधातले सारे टेसन उडवले?"

"हव!"

"वा रे माह्या वाघा!" हरिदासभाऊ आनंदातिशयाने उभेच राहिले. "अवो, ऐकलं का? पोट्ट्यानं सारे टेसन उडवले!"

"साखर पाहिजे असन तर उठून घ्या," आतून प्रशिकच्या आई अंजनाबाईंचा आवाज आला. "कोणी लिहून नाई देणार इथं."

प्रशिक ज्या छोट्याशा कार्यालयात नोकरीस होता, ते शंकर नगरात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर होते. तेथे 'वस्त्रसेतू' नावाचे एक मोबाइल अ‍ॅप तयार होत होते. पंडरीच्या ठोक बाजारातील कापड शिवणकाम करणाऱ्या भगिनींना घरबसल्या मागविता यावे, असा त्या अ‍ॅपचा उदात्त हेतू होता. अ‍ॅप म्हणजे शेकडो फाइलींचा संसार. एका फाइलीस दुसरीतील वस्तू हवी असली, की तिला आपल्या माथ्यावर त्या वस्तूचा पत्ता लिहावा लागतो. दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ म्हणजे एक पायरी वर. अशा टिंबांच्या लांबच लांब माळा प्रत्येक फाइलीच्या कपाळी लटकलेल्या पाहून प्रशिकचा जीव गुदमरत असे. शुक्रवारी त्याने त्या साऱ्या माळा तोडून टाकल्या, प्रत्येक कप्प्यास एक सुटसुटीत नाव दिले, आणि ज्या ज्या ठिकाणी पत्ता वळसा घेत होता त्या त्या ठिकाणी तो सरळ मुक्कामी नेऊन पोहोचविला.

या स्वच्छतेच्या ओघात त्याला एक लहानशी फाइल आढळली. ती नोकरी सोडून गेलेल्या सचिन नावाच्या कोण्या पूर्वसूरींनी लिहिलेली होती. पुष्कळशा फाइली मालाचा आकडा तिच्याकडून घेत आणि ती तो दुसरीकडून आणून देई. प्रशिकने तिच्या पहिल्या चार ओळी वाचल्या. पुढे नुसतीच कोरी जागा होती. 'ही तर निव्वळ मधली,' असे म्हणून त्याने तिला वगळले आणि सर्वांचे पत्ते थेट उगमाशी जोडून दिले.

कार्यालयाचा नियम असा होता, की एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासून मान्य केल्यावाचून पुढे जाऊ नये. प्रशिकचे काम तपासण्याचा भार अपर्णा गजभिये हिच्याकडे असे.

"ये बीच वाली फाइल से सबका पता हटा दिया तूने," अपर्णाने विचारले होते. "देखा ना, क्या करती है?"

"कुछ नहीं करती. इधर से लेती, उधर देती."

"पक्का?"

"पक्का म्हणजे पक्का!"

अपर्णाने त्याच्या मुखाकडे पाहिले. ते दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखे उजळले होते. तपासणीचे काम चेहरा पाहून करावयाचे नसते हे ती पूर्णपणे जाणून होती, तथापि तिने मान्यतेची खूण केली. सायंकाळी मालक अभिनव भैयांनी ती नवी आवृत्ती चाचणीच्या ग्राहकांना पाठवूनही दिली.

आता येथे एक गोष्ट वाचकांना सांगणे अगत्याचे आहे. प्रशिक आणि अपर्णा यांचे मन एकमेकांवर जडले होते. प्रशिकने ही गोष्ट लाजत लाजत समता कॉलोनीत राहणाऱ्या आपल्या कुसुमआत्यांच्या कानी घातली होती. कुसुमआत्यांचे तेथे घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवण्याचे दुकान होते. अपर्णाच्या आत्या मंदाकिनीबाई याच दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या दोन्ही घराण्यांत अशी रीत, की साक्षगंध होईतो मुलाचा बाप आणि मुलीचा बाप यांनी परस्परांशी थेट बोलू नये. निरोप आत्यांनी न्यावेत आणि आत्यांनीच आणावेत. त्यानुसार हरिदासभाऊ कुसुमआत्यांना सांगत, त्या मंदाकिनीबाईंना सांगत, आणि त्या आपले बंधू, म्हणजे अपर्णाचे वडील, शेखरभाऊ यांना सांगत. उत्तर पुन्हा त्याच वाटेने येई. तरीही बोलणी सुरळीत होऊन पुढच्याच आठवड्याच्या रविवारी शेखरभाऊंच्या अंगणात साक्षगंध ठरले होते.

पोहे संपवून प्रशिक कामावर गेला. हरिदासभाऊ मात्र ओसरीवर येरझारा घालू लागले. मुलाच्या विद्येने त्यांच्या मनात नवा प्रकाश पडला होता.

"प्रशिकची आई," ते अखेर म्हणाले, "आपण शेखरभाऊले निरोप धाडतो तो कसा जाते? आधी समता कॉलोनी, मंग मंदाकिनीबाई, मंग पंडरीच्या मागचा मोहल्ला. वर जा, वर जा, खाली उतर! अवो, माणसाजवळ नंबर आहे, फोन आहे. मंग सीधं काहून नाही?"

"रीत आहे म्हणून."

"रीत नाई, जुना पत्ता आहे तो!"

"तुमाले काही झालं का? आजपर्यंत नीट चालून राहिलं ना?"

परंतु हरिदासभाऊंच्या अंगी उत्साह संचारला होता. त्यांनी चष्मा लावला, नंबर शोधला आणि शेखरभाऊंना फोन लावला.

"जय भीम शेखरभाऊ! मी हरिदास बन्सोड बोलून राहिलो!"

मुलाच्या बापाचा साक्षगंधाआधी थेट फोन ही गोष्ट शेखरभाऊंनी कधी ऐकलीच नव्हती.

"जय भीम," ते चाचरत म्हणाले. "कोणी... कोणी गेलं का?"

"नाई हो! सारे ठणठणीत! म्हटलं, मधात कायले कोणाले तरास? आता आपण सीधं बोलत जाऊ. तर पुढच्या रविवारी आमचे दोनशे लोक येऊन राहिले."

"दोनशे?"

"हव! कमीच सांगून राहिलो. कारखान्यातलेच किती होतात!"

शेखरभाऊ हे सिंचन खात्यातील कारकून. स्वभाव मितभाषी, अंगण त्याहूनही लहान. मंदाकिनीबाईंकरवी त्यांच्यापर्यंत आकडा पोहोचला होता तो चाळिसाचा. तथापि मुलीच्या बापाने नकाराचा उच्चार कसा करावा? त्यांनी "येऊ द्या, येऊ द्या" असे म्हटले.

"आणि माह्या भाषणाची तयारीही झाली!" हरिदासभाऊ अधिकच खुलले. "तुमी आग्रह केला म्हणून! नाईतर मी कुठं बोलतो?"

"आग्रह?" शेखरभाऊ दचकले. आणि घाबरलेला सज्जन माणूस जी चूक करतो ती त्यांच्या हातून घडली. ते खरे बोलले. "मी तर सांगतलं होतं, का भाषण नको म्हणून. मागं तुमच्या पुतण्याच्या लग्नात, म्हणतात, वरण थंडं झालं होतं लोकाइचं..."

हरिदासभाऊंच्या हातातील फोन हळूच खाली आला. कुसुमआत्यांनी त्यांना सांगितले होते, 'शेखरभाऊ म्हणून राहिले, दोन शब्द बोलाच.' त्या दोन शब्दांसाठी त्यांनी वहीची चौदा पाने भरली होती.

"बरं बरं," ते म्हणाले. "ठेवतो मंग." आणि त्यांनी फोन ठेवला. पलीकडे शेखरभाऊही अंगणाकडे एकटक पाहत खाली बसले.

शंकर नगरात थोड्याच वेळाने अपर्णा आपला फोन ऐकून प्रशिकच्या मेजाशी आली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"तेरे बाबा दो सौ लोग ला रहे हैं?"

"कौन बोला?"

"तेरे बाबा बोले! सीधा मेरे बाबांना फोन केला त्यांनी. मेरे बाबा बोल रहे, एवढा खर्च करायला लावणारे लोक असतील तर एक बार और सोच लेते हैं."

"सोच लेते हैं मतलब?"

"मतलब तू समझ."

प्रशिकने घाईघाईने घरी फोन लावला. अंजनाबाईंनी तो उचलला.

"तुह्या बाबाले काय सांगतलं तू सकाळी?" त्या कडाडल्या. "टेसन उडवले म्हणे! त्याइनं कुसुमबाईले उडवलं, मंदाकिनीबाईले उडवलं, आता खोलीत कडी लावून बसले. म्हणतात, ज्या घरी माह्या बोलण्याची किंमत नाई, तिथं पाय नाई ठेवत!"

अशा रीतीने दोन्ही बाजू एकाच वेळी माघारी वळल्या. या अवस्थेत समेट घडवून आणील असे जगात एकच माणूस होते, ते म्हणजे कुसुमआत्या. प्रशिक त्यांना फोन लावणार तोच त्यांचाच फोन आला. त्याच्या जिवात जीव आला. त्याने अत्यंत आर्जवाने "आत्या!" अशी हाक मारली.

"पोट्ट्या!" आत्या गरजल्या. "हे काय धाडलं तू माह्या घरी?"

"मी? काय?"

"अस्तर! जांभळं अस्तर! उतरवूनच राहिले, उतरवूनच राहिले! मले माही मशीन दिसून नाई राहिली, गिऱ्हाईक कुठं बसली ते दिसून नाई राहिलं! जल्दी ये, नाईतर मी बाहेर निघू कशी!"

कुसुमआत्या चाचणीच्या ग्राहकांपैकी एक होत्या. किंबहुना प्रशिकनेच त्यांचे नाव मोठ्या कौतुकाने त्या यादीत घातले होते. अपर्णाने हे संभाषण ऐकले आणि निमूटपणे आपला लॅपटॉप काखेत मारला.

"चल," ती म्हणाली. "साक्षगंध बाद में तोड़ेंगे. पहले ये देखते हैं."

समता कॉलोनीत ते पोहोचले तेव्हा दारासमोर मालवाहू ऑटो उभा होता आणि हमाल शेवटचे थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, आत नेत होता. पुढच्या खोलीत अस्तराच्या थानांची छातीपर्यंत भिंत उभी राहिली होती. तिच्यापलीकडे कुसुमआत्यांचे मस्तक तेवढे दिसत होते. कोपऱ्यात बाहीचे माप देण्यासाठी आलेली एक बाई हात आडवा धरून तशीच उभी होती.

"आत्या, तुम्ही किती मागवलं होतं?"

"तीस मीटर! लग्नसराई आहे म्हणून तीस! आणि त्या दुकानाच्या मुनीमजीचा फोनही आला होता. म्हणे, बाई, तीसच ना? म्हटलं, हव, तीसच. तो म्हणे, पक्कं तीस? म्हटलं, किती डाव विचारता, मी काय नवीन शिवून राहिली का?"

"त्याच्या पडद्यावर तीस थान दिसले," प्रशिक क्षीण स्वरात पुटपुटला.

अपर्णाने थानांच्या एका ढिगावर लॅपटॉप उघडला. जुने आणि नवे पत्ते तिने शेजारी शेजारी मांडले. मग तिने ती वगळलेली लहान फाइल उघडली. चार ओळी. त्याखाली कोरी जागा. तिने बोटाने पडदा वर सरकवला. आणखी कोरी जागा. आणखी वर सरकवला. आणि अगदी तळाशी, कोणीही पाहू नये अशा ठिकाणी, एक ओळ एकटीच बसलेली होती.

"ये देख."

प्रशिकने पाहिले. ती ओळ मीटरचे थान करीत होती. ग्राहकाचा आकडा मीटरमध्ये येई, ही फाइल त्याचा हिशेब लावून दुकानास थान सांगे.

"ये सिर्फ़ पास नहीं करती थी," अपर्णा म्हणाली. "और मैंने भी ओके कर दिया. तेरा चेहरा देखके."

"मेरा चेहरा?"

"चुप बैठ."

एवढ्यात भिंतीपलीकडून कुसुमआत्यांचे मस्तक लॅपटॉपकडे झुकले. त्यांनी प्रथम पदर सावरला.

"तू शेखरभाऊची पोट्टी ना? आफिसच्या कामानं आली म्हणून चहा देऊन राहिली हो, सून म्हणून नाई. ते रविवारनंतर." आणि मग त्या प्रशिककडे वळल्या. "काय म्हणाली ही? ती फाइल मधात बसून मीटरचं थान करत होती, आणि तुले वाटलं ती काहीच करत नाई?"

"हव आत्या. ऐसा लगा, के बेकार में बीच में है. म्हणून सारे पत्ते सीधे..."

"आत्या," अपर्णा मधेच हळू आवाजात बोलली. "रविवारी दोनशे लोक येणार का खरंच?"

"कोण म्हणते?"

प्रशिकला आता सारा वृत्तान्त सांगणे भाग पडले. साखर, सैपाकखोली, टेसन, बाबांचा फोन, भाषण. जसजसा तो पुढे जाऊ लागला, तसतसे कुसुमआत्यांचे मस्तक थानांच्या भिंतीवर उंच उंच चढू लागले. बहुधा त्या खालच्या थानावर उभ्या राहिल्या असाव्यात.

"म्हणजे दादानं मले उडवलं?"

"आत्या, बाबांचा असा काही..."

"अरे, तुह्या बापाचे दोनशे म्हणजे चाळीस असतात, हे साऱ्या खानदानाले माहीत आहे! तुह्या नामकरणाले पाचशे सांगतले होते, आले किती? पंगतीची एक रांग भरली नाई! मी त्याचे दोनशे ऐकते आणि चाळीस सांगते. तिकडून 'भाषण नको' येते, मी 'दोन शब्द बोला' सांगते, म्हणजे माणसाचं मन नाई दुखत आणि वरणही थंडं नाई होत. हे काम मी कोणाले सांगत फिरू का? आणि तुमी बापलेक म्हणता, ही मधात कायले!"

"आत्या, चुकलं आमचं."

"नाई. आता करा सीधं. मी नाई पडत मधात. जा, दोघं मिळून उचला हे अस्तर, आणि लावा फोन ज्याले लावायचा त्याले!"

त्या भिंतीआड खाली बसल्या. मशीनची घरघर सुरू झाली. ती बाई अजूनही हात आडवा धरून उभीच होती.

थानांचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. अभिनव भैयांनी फोनवर आधी प्रशिकला "अरे भाई, रास्ता सीधा करने बोला था, पूरा गोदाम भेजने नहीं!" असे बोलून घेतले, मग ते स्वतः पंडरीस जाऊन दुकानदाराचे मन वळवून आले. न कापलेली थाने परत गेली. आत्यांनी क्रोधाच्या भरात एका थानाला कात्री लावली होती, तेवढे त्यांनी ठेवून घेतले. अपर्णाने मधली फाइल पुन्हा जागेवर बसविली. नवी सुटसुटीत नावे राहिली, फक्त मालाच्या आकड्याचा पत्ता पूर्वीप्रमाणे मधल्या फाइलीकडून वळसा घेऊन जाऊ लागला. प्रशिकने त्या तळच्या ओळीवरची सारी कोरी जागा काढून टाकली आणि ती ओळ सन्मानाने वर आणली.

परंतु कुसुमआत्यांना जागेवर कसे बसवावे?

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळपर्यंत हरिदासभाऊंच्या खोलीची कडी निघाली होती. वहीची चौदा पाने त्यांनी उशीखाली सारली होती. अंजनाबाईंकडून त्यांना दोनशे-चाळिसाचे सत्य समजले होते, आणि त्याहूनही अधिक म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीने इतकी वर्षे आपले मन कसे राखले, हे समजले होते. त्यांनी तीनदा कुसुमआत्यांचा नंबर लावला आणि वाजण्याआधीच तोडला.

"करा ना फोन," अंजनाबाई म्हणाल्या. "सीधा!"

"तू सांग ना तिले."

"काय सांगू?"

हरिदासभाऊंनी खिडकीबाहेर पाहिले. "म्हणा, झालं गेलं सोडून दे."

अंजनाबाईंनी आत जाऊन प्रशिकला सांगितले, "तुह्या बाबाले लय वाईट वाटून राहिलं. आत्यापर्यंत पोचव." प्रशिकलाही आत्यांना फोन लावण्याचे धैर्य होईना. त्याने अपर्णास फोन केला, "बाबांना बहुत बुरा लगा, नाश्ता भी नहीं किया." अपर्णाला मनापासून वाटले, की आता सारे सुटले पाहिजे. तिने आपल्या आत्यास, मंदाकिनीबाईंस, सांगितले, "त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे." आणि मंदाकिनीबाईंनी तडक समता कॉलोनी गाठून कुसुमआत्यांच्या दुकानात पाय ठेवताच म्हटले, "कुसुमताई, हरिदासभाऊ लेकरासारखे रडून राहिले हो! माही बहीण, माही बहीण, एवढंच म्हणून राहिले!"

दुपारचे जेवण होते न होते तोच बन्सोडांच्या दारात रिक्षा थांबली. कुसुमआत्या उतरल्या, त्या थेट ओसरीवर आल्या आणि त्यांनी भावाचा हात धरला.

"दादा, एवढं रडाची काय गरज होती रे? मी काय परकी आहे का?"

हरिदासभाऊंनी तोंड उघडले. 'मी कुठं रडलो?' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेच होते. इतक्यात त्यांची दृष्टी अंजनाबाईंकडे गेली. अंजनाबाई डोळे वटारून पाहत होत्या. त्यांच्यामागे प्रशिक होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्याच्या आयुष्याची सारी वाट त्या एका वाक्यावर अडून राहिली होती. हरिदासभाऊंनी उघडलेले तोंड मिटले आणि खांद्यावरच्या पंच्याने कोरडे डोळे पुसले.

"पुसू नको, पुसू नको," आत्या म्हणाल्या. "चला, मी लावते मंदाकिनीले फोन. ती आताच शेखरभाऊच्या घरी पोचली असन. सांग दादा, किती माणसं?"

हरिदासभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. सवय ही काही एका दिवसात सुटणारी गोष्ट नव्हे.

"दोनशे," ते म्हणाले.

"मंदाकिनी," आत्या फोनमध्ये बोलल्या, "दादानं चाळीस सांगतले."

आयुष्यात प्रथमच हरिदासभाऊंनी आपल्या आकड्याचे स्थित्यंतर स्वतःच्या कानांनी ऐकले. पलीकडून मंदाकिनीबाईंचा आनंदी आवाज आला, मग मागे शेखरभाऊंचे पुटपुटणे, मग बरीच कुजबुज. आत्यांनी फोनवर हात ठेवला.

"ते म्हणून राहिले, पुढच्या रविवारचं पक्कं. आणि म्हणाले, हरिदासभाऊंनी दोन शब्द बोलाच."

तिकडून मुळात काय आले असेल, हे आता त्या ओसरीवरील प्रत्येकास ठाऊक होते. हरिदासभाऊंसही होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती चौदा पाने आली, त्यातला प्रारंभ आला, मध्यभागी साधलेला तो सुंदर दृष्टान्त आला. त्यांनी एकवार मुलाकडे पाहिले.

"म्हणा त्याइले," ते हळूच बोलले, "मी काहीच बोलत नाई. पोट्ट्याइचं साक्षगंध आहे. लोकाइनं गरम जेवावं."

कुसुमआत्या भावाकडे पाहतच राहिल्या. हा निरोप त्यांच्याकडे या आधी कधीच आला नव्हता. मग त्यांनी फोनवरचा हात काढला आणि आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितले,

"मंदाकिनी, दादा म्हणून राहिले, पाचच मिन्टं बोलीन, जास्त नाई. शेखरभाऊले म्हणा, तेवढं ऐकूनच घ्या."

हरिदासभाऊंनी पुन्हा पंचा उचलला. या वेळी मात्र तो खरोखरच ओला झाला.